भाच्याचा जनुकीय रिपोर्ट ‘अनिश्चित’ आला आहे, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून मला तो जसा समजला तसा आधी मांडतो. तुम्ही मोहोळ तालुक्यातले. बहिणीचं लग्न सख्ख्या आतेभावाशी झालं आहे. तिचा पहिला मुलगा आठ महिन्यांचा असताना न्यूमोनियानं गेला. दुसरा आता सव्वा वर्षाचा आहे. बीसीजीची, म्हणजे टीबीविरुद्धची लस दिल्यावर त्याच्या डाव्या काखेत गाठ आली, फुटून बरेच दिवस वाहत राहिली. मग न्यूमोनिया झाला आणि गेल्या महिन्यात यकृतात गळू निघालं. पुवात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सापडला. डॉक्टरांना प्रतिकारशक्तीच्या आनुवंशिक आजाराची शंका आली, मुलाचं एक्झोम, म्हणजे जनुकांतला प्रथिनं बनवणारा भाग वाचण्याची तपासणी, केलं. रिपोर्ट म्हणतो की आजाराचं कारण सापडलं नाही, मात्र एलआरबीए नावाच्या जनुकात एक हेटरोझायगस बदल दिसतो, त्याचा अर्थ अनिश्चित आहे. बहीण आता दोन महिन्यांची गरोदर आहे. सासरचे म्हणतात दोष तुमच्या घरातून आला. तुमचं लग्न मामाच्या मुलीशी ठरत आलंय, ते करावं का, आणि दहावीतल्या धाकट्या बहिणीची तपासणी करावी का, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी सोलापुरात लहान मुलं तपासतो आणि गेली बरीच वर्षं वारंवार जंतुसंसर्ग होणारी मुलं आणि त्यांची कुटुंबं हेच माझं मुख्य काम आहे. तुमच्या भाच्याला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खाली लिहिलेलं निदान नाही, विचार कसा करायचा ते आहे. त्याचे कागद घेऊन त्याच्याच डॉक्टरांसमोर बसा आणि हे मुद्दे काढा. आणि हे या आठवड्यात करा, कारण बहिणीच्या गरोदरपणामुळे आपल्याकडे वेळ मोजका आहे.

पैसे वाया गेले का, असं तुम्ही विचारलंत. नाही गेले. पण शोध मधूनच सुरू झाला, हे खरं. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांची साडेचारशेहून जास्त जनुकं आज माहीत आहेत. कुठल्या पेशीचं कुठलं काम बिघडलंय हे ठरवल्याशिवाय एवढ्या जनुकांत शोधायला गेलं की काहीतरी बदल सापडतोच. प्रत्येक माणसात हजारो बदल असतात. म्हणून माझा क्रम आधी कुटुंब, मग पेशी, मग जनुक असा असतो, आणि जनुकाचं उत्तर मिळालं की ते घेऊन पुन्हा कुटुंबाकडे यायचं. तुमच्या बाबतीत मधली पायरी राहिली आहे.

एलआरबीएचं आधी संपवतो, कारण ते नाव घरात सगळ्यांच्या तोंडी झालं असणार. या जनुकामुळे होणारा आजार रिसेसिव्ह आहे, म्हणजे आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली अशा दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. हेटरोझायगस याचा अर्थ एकच प्रत बदललेली आहे. शिवाय त्या आजाराची मुलं वेगळी दिसतात: अँटीबॉडी कमी, वर्षानुवर्षं जुलाब, शरीर स्वतःच्याच रक्तपेशींवर उलटणं. काखेतली बीसीजीची गाठ आणि यकृतातलं गळू हे त्याचं चित्र नव्हे. प्रयोगशाळेनं तो बदल नोंदवला कारण नोंदवणं त्यांचं काम आहे. अनिश्चित हा शिक्का २०१५च्या अमेरिकन नियमावलीतल्या पाच वर्गांपैकी मधला आहे, आणि आपल्याकडच्या लोकांच्या रिपोर्टमध्ये तो फार दिसतो. कारण साधं आहे. जगभरच्या मोठ्या संग्रहांत युरोपीय वंशाचे लोक जास्त, आपले कमी. आपल्या एखाद्या समाजात सहज आढळणारा निरुपद्रवी बदल तिथे दुर्मिळ ठरतो आणि संशयित होतो. सीएसआयआरच्या इंडिजीनोम प्रकल्पानं १,०२९ भारतीयांचे जीनोम वाचले. जीनोमइंडियाची सुमारे १०,००० लोकांची माहिती २०२५च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली. त्यातून असे बरेच शिक्के हळूहळू निघतील. भाच्याच्या आजाराचं कारण म्हणून हे नाव मनातून काढून टाका.

आता त्याच्या आजाराकडे बघू. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या, बीसीजीची वाहणारी गाठ, न्यूमोनिया आणि स्टॅफनं झालेलं यकृतातलं गळू, की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी. सव्वा वर्षाच्या मुलाच्या यकृतात स्टॅफचं गळू हे एवढं एकच कारणही मला ही तपासणी करायला पुरतं. या आजारात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी संख्येनं भरपूर असतात, संसर्गाच्या जागी पोहोचतात, जंतू गिळतातही. पण गिळलेला जंतू मारायला ऑक्सिजनपासून जे जहाल रसायन बनवावं लागतं ते त्यांना बनवता येत नाही. म्हणून सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीत, पेशी चांगल्या दिसतात, अँटीबॉडी चांगल्या असतात, आणि तरी मूल आजारी पडत राहतं.

आपल्या भागात या मुलांचं आणखी एक होतं. गाठ काढून तपासायला पाठवली की रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीतही दिसणारा पेशींचा पुंजका, येतो आणि टीबीची औषधं सुरू होतात. कधी खरोखरच टीबी किंवा लसीतलाच जंतू पसरलेला असतो, त्यामुळे औषधं देणं चूक नसतं. पण शोध तिथेच थांबतो. तुमच्या पहिल्या भाच्यालाही काखेत गाठ होती का, ती कुणी काढली होती का, हे बहिणीला शांतपणे विचारा. काढली असेल तर त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मेणात घालून ठेवलेला ब्लॉक अजून असू शकतो आणि गेलेल्या बाळाचा डीएनए त्यातून मिळू शकतो. बाळ गेल्यावर घरातले कागद बहुतेक जण टाकून देतात, ते समजण्यासारखं आहे. पण लॅबच्या आणि दवाखान्याच्या नोंदी असतात.

सीजीडीची मुख्य तपासणी आहे डीएचआर. बोटभर रक्त लागतं आणि एक्झोमच्या तुलनेत खर्च फार कमी. रक्तातल्या न्यूट्रोफिलना डायहायड्रोऱ्होडामिन हे रसायन देतात, मग त्यांना डिवचतात. निरोगी पेशी ते जहाल रसायन बनवते, त्यानं डायहायड्रोऱ्होडामिनचं रूपांतर होतं आणि पेशी चमकू लागते. फ्लो सायटोमीटर एकेका पेशीची चमक मोजून आलेख काढतो. निरोगी माणसाच्या आलेखातला उंचवटा डिवचल्यावर पूर्ण उजवीकडे सरकतो. सीजीडीच्या काही मुलांत तो डावीकडेच खिळून राहतो, काहींत थोडासा सरकतो आणि पसरट होतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिला बहुधा एक्स गुणसूत्रावरच्या प्रकाराकडे बोट दाखवतो आणि दुसरा एका विशिष्ट रिसेसिव्ह प्रकाराकडे.

त्याच दिवशी बहिणीचंही रक्त तपासायला सांगा. ती एक्सवरच्या प्रकाराची वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसून दोष पुढे देऊ शकणारी, असेल तर तिच्या आलेखात दोन उंचवटे दिसतील. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच चालू असतो, त्यामुळे तिच्या काही न्यूट्रोफिल चमकतात, काही चमकत नाहीत. एवढ्या एका आलेखानं शोधाची दिशा ठरते. अपवाद आहेत. एका बाजूच्या पेशी फारच थोड्या असल्या तर दुसरा उंचवटा नजरेतून सुटतो, आणि क्वचित बदल मुलातच नव्यानं झालेला असतो. तरीही ही तपासणी सोडू नका. बहिणीला उन्हात चेहऱ्यावर पुरळ उठतं का, तोंड वारंवार येतं का, हेही विचारा. एक्स-वाहक बायकांत असा त्रास दिसतो आणि त्याचा मुलाच्या आजाराशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ही तपासणी कुठे करायची? मी माझी मुलं मुंबईला परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या एनआयआयएच या रक्त आणि प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या संस्थेकडे पाठवतो. डीएचआर, पेशींतल्या प्रथिनांच्या तपासण्या आणि जनुकीय काम तिथे एका छताखाली होतं आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांची त्यांना अनेक वर्षांची सवय आहे. डॉक्टरांचं पत्र घ्या, आधी फोन करून दिवस ठरवा. मूल प्रवासाच्या अवस्थेत असेल तर नमुना पाठवण्यापेक्षा मूल आणि आई-वडील यांनी स्वतः जाणं केव्हाही चांगलं. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून दादरला उतरलं की केईएम जवळच आहे.

मूल दवाखान्यात भरती असेल आणि नमुनाच पाठवायचा असेल तर हे पाळा. डीएचआरसाठी रक्त हिरव्या टोपणाच्या हेपारिनच्या ट्यूबमध्ये, डीएनएसाठी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीएच्या ट्यूबमध्ये. नात्यात नसलेल्या एका निरोगी माणसाचं रक्त त्याच वेळी, तशाच ट्यूबमध्ये, त्याच पिशवीतून जाऊ द्या. मुलाच्या पेशी चमकल्या नाहीत आणि त्या निरोगी माणसाच्याही चमकल्या नाहीत, तर दोष प्रवासाचा आहे हे कळतं. नमुना बर्फात ठेवायचा नाही. इथले कलेक्शन करणारे सवयीनं बर्फाच्या पेटीत टाकतात, त्यांना बजावून सांगा. पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत दुचाकीच्या डिकीतही तो खराब होतो. खोलीच्या साधारण तापमानात, चोवीस तासांच्या आत पोहोचायला हवा. शुक्रवारी-शनिवारी पाठवू नका.

आता तुमचा खरा सल, की एक्झोममध्ये काही नाही तर हा आजार कसा असेल? असू शकतो, आणि याची कारणं नीट समजून घ्या, कारण इथेच बरीच कुटुंबं चुकीचा दिलासा घेऊन घरी जातात. एक्झोम म्हणजे आपल्या तीनशे कोटी अक्षरांपैकी प्रथिनं बनवणारा एक-दोन टक्के भाग. तोही छोट्या छोट्या तुकड्यांत वाचतात आणि कॉम्प्युटरवर तुकडे जुळवतात. सीजीडी सहा जनुकांमुळे होतो. त्यातलं एनसीएफ१ हे सातव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या शेजारी त्याच्याच जवळजवळ हुबेहूब दोन निकामी नकला आहेत. एनसीएफ१मधला सगळ्यात जास्त आढळणारा दोष म्हणजे दुसऱ्या एक्झॉनच्या, म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या तुकड्याच्या, सुरुवातीची दोन अक्षरं गळणं. गंमत नव्हे, अडचण अशी की त्या निकामी नकलांतही तीच दोन अक्षरं गळालेली असतात. एकाच पोताची तीन कापडं फाडून चिंध्या एकत्र केल्या तर कुठली चिंधी कुठल्या कापडाची हे सांगता येत नाही, तसं इथे होतं. कॉम्प्युटर गोंधळतो आणि रिपोर्ट कोरा येतो. यासाठी एनसीएफ१ आणि त्याच्या नकला यांचं प्रमाण मोजणारी वेगळी तपासणी मागावी लागते. मागितल्याशिवाय कुणी करत नाही. आलेखातला उंचवटा थोडासाच सरकलेला, पसरट असेल तर मी सरळ याच तपासणीकडे जातो.

उंचवटा जागचा हललाच नाही आणि आईच्या आलेखात दोन उंचवटे असले तर प्रश्न एक्सवरच्या सीवायबीबी जनुकाचा. हे जनुक १९८६ मध्ये सापडलं. आजारात कुठलं प्रथिन बिघडलंय हे माहीत नसताना, केवळ गुणसूत्रावरची जागा हेरून शोधलेलं ते पहिलं रोगजनुक. म्हणजे त्याची ओळख जुनी आहे, तरी त्यातले काही दोष एक्झोममध्ये दिसत नाहीत. जनुकाच्या मधल्या, न वाचलेल्या भागात बिघाड असू शकतो, किंवा मोठा तुकडाच गायब असू शकतो आणि प्रयोगशाळेनं गायब तुकडे शोधण्याचं विश्लेषण केलेलंच नसतं. म्हणून तुमच्या प्रयोगशाळेला लेखी दोन गोष्टी मागा. एक, सीजीडीच्या सहाही जनुकांचा किती भाग किती खोलवर, म्हणजे किती वेळा, वाचला गेला त्याचा तक्ता. दोन, मुलाची कच्ची माहिती, म्हणजे फास्टक्यू आणि व्हीसीएफ फाइली. ती कुटुंबाची आहे, मागा आणि पेनड्राइव्हवर जपून ठेवा. नवी जनुकं दर वर्षी सापडत असतात. आज कोरा वाटणारा रिपोर्ट वर्ष-दीड वर्षानं त्याच फाइलींवरून पुन्हा वाचला की कधी कधी उत्तर देतो, नव्यानं रक्त न काढता.

आई-वडील नात्यातले असले की संशोधनात एक फायदाही होतो. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलाच्या जीनोमचा सरासरी सोळावा हिस्सा दोन्ही बाजूंनी एकसारखा असतो, आणि असे सलग एकसारखे पट्टे कच्च्या माहितीत दिसतात. रिसेसिव्ह आजाराचं जनुक बहुधा अशाच एखाद्या पट्ट्यात बसलेलं असतं. वाचणाऱ्याला नातं माहीत असेल तर तो आधी तिथे शोधतो. पण फॉर्मवर ‘नात्यात लग्न’ या रकान्यात बरेच जण लाजेनं ‘नाही’ लिहितात. सोलापूर जिल्ह्यात, मग घरात मराठी बोलत असोत, कन्नड की तेलुगू, मामाची मुलगी करणं ही जुनी आणि मानाची रीत आहे, काही घरांत मामा-भाचीचीही लग्नं होतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नातं खरं लिहा, शक्यतो आकृती काढून द्या.

ती आकृती तुम्हीच काढा. कागदावर पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, आजाऱ्याला भरीव, गेलेल्यावर तिरकी रेघ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. तीन पिढ्या पुरेत. तरुण मंडळींना काही ठाऊक नसतं, आजीला सगळं ठाऊक असतं. पण तिला ‘कुणाला प्रतिकारशक्तीचा आजार होता का’ असं विचारून काही मिळणार नाही. तुला मुलं किती झाली, हातात किती राहिली, गेलेली मुलगे की मुली, किती महिन्यांची असताना गेली, असं विचारा. ‘डबा होऊन गेलं’, ‘मुडदुसानं सुकलं’, ‘अंगावर फोड यायचे’ असं ती म्हणेल, ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. तुमच्या आईच्या माहेरी, म्हणजे मामांच्या घरी, लहानपणी गेलेले मुलगे असतील आणि मुली सगळ्या सुखरूप असतील तर एक्सवरच्या प्रकाराचा संशय वाढतो. आत्या आणि वडिलांच्या घरात मुलगे-मुली दोन्ही गेले असतील तर रिसेसिव्हचा.

यातच ‘कुणाच्या घरातून आलं’ याचंही उत्तर आहे. आजार रिसेसिव्ह निघाला तर भाच्याला एक बिघडलेली प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळाली. तुमच्या बहिणीची सासू तुमची सख्खी आत्या आहे, तुमच्या वडिलांची बहीण. म्हणजे तीच प्रत बहुधा तुमच्या आजोबांकडून किंवा आजीकडून एकदा वडिलांमार्फत बहिणीकडे आणि एकदा आत्यामार्फत जावयाकडे आली. सासूबाई ज्याला ‘तुमचं घर’ म्हणतात ते त्यांचंही माहेर आहे. आजार एक्सवरचा निघाला तर तो बहिणीकडे तिच्या आईकडून आला, किंवा तिच्यातच नव्यानं झाला. दोन्ही प्रसंगी तिनं काही केलेलं नाही, तिला कळण्याचा काही मार्गही नव्हता. एक मूल गमावलेल्या, दुसरं दवाखान्यात असलेल्या आणि तिसऱ्या वेळी गरोदर असलेल्या बाईला हे ऐकवलं जातंय याचं मला फार वाईट वाटतं. रिपोर्ट समजावताना आत्या आणि जावई दोघांनाही खोलीत बसवा आणि हे डॉक्टरांच्या तोंडून सांगायला लावा. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी हे न विचारता सांगतो.

बहिणीच्या गरोदरपणाचं आता. पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर आधी भाच्यातला नेमका बदल सापडायला हवा आणि तो आई-वडिलांत पडताळायला हवा. त्याशिवाय गर्भाची जनुकीय तपासणी होत नाही. वारेचा नमुना अकरा ते तेरा आठवड्यांत घेतात, गर्भजलाचा सोळा आठवड्यांनंतर. म्हणजे आज डीएचआर केली तर पहिली वेळ गाठता येईल कदाचित, दुसरी बहुधा नक्की. तपासणी पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदलेल्या केंद्रातच होते. त्या कायद्यात जनुकीय आजारांसाठी तपासणीला परवानगी आहे, लिंग सांगायला नाही. धोका प्रत्येक खेपेला चारात एक असा धरा. एक्सवरचा असेल तर मुलग्यांपैकी निम्म्यांना आजार, मुलींपैकी निम्म्या वाहक. तपासणी करायची की नाही, आणि निष्कर्ष आला तर पुढे काय, हे ठरवण्याचा हक्क त्या दोघांचा आहे. काही जोडपी तपासणी करत नाहीत आणि जन्मानंतर पहिल्या दिवसापासून तयारीत राहतात, तोही शहाणपणाचा मार्ग आहे.

तोपर्यंत भाच्याचं काय? डीएचआर बिघडलेली आली की जनुकाची वाट न पाहता उपचार सुरू होतात: रोज कोट्रायमॉक्साझोल, आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल. बुरशीचं मी मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही शेतकरी आहात. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी कुजलेल्या पाल्यात, भिजलेल्या कडब्यात, उकिरड्यात, शेणखतात वाढते. ज्वारीची गंजी उपसताना किंवा खत पसरताना उडणारी धूळ एकदा भरपूर छातीत गेली तरी सीजीडीच्या मुलाला काही दिवसांत जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. गोठा, गंजी, मळणी आणि पाडकाम चाललेलं जुनं घर यांपासून त्याला लांब ठेवा. यापुढे बीसीजी नाही. कायमचा उपाय म्हणजे मूळपेशी प्रत्यारोपण. सीजीडी हा आजार केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणातल्या पहिल्या गटात आहे, त्याखाली निवडक केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईचं केईएम अशा केंद्रांपैकी एक आहे. नेमकं जनुक कळणं इथेही उपयोगी पडतं. ज्यांच्या पेशी थोडंफार रसायन बनवतात, त्यांची वाटचाल सहसा बरी असते आणि प्रत्यारोपणाची घाई किती करायची ते त्यावरून ठरवता येतं.

एक शक्यता उरतेच, की डीएचआर अगदी नीट येईल. मग मी पुढे आयएल-१२ आणि इंटरफेरॉन गॅमा या पेशींमधल्या निरोप्या रसायनांच्या मार्गातली जनुकं आणि टी-पेशींचे (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दोष बघतो. त्यासाठी आजच एक सोपी गोष्ट करता येईल. भाच्याच्या पहिल्या वर्षातल्या जुन्या सीबीसी काढा आणि एकूण पांढऱ्या पेशींना लिम्फोसाइटच्या टक्क्यानं गुणा. ६,००० पेशी आणि १५ टक्के लिम्फोसाइट म्हणजे ९००. तान्ह्या बाळात हा आकडा ३,०००च्या खाली असेल तर तो रिपोर्ट डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. छापील रिपोर्टवर टक्केच ठळक असतात, त्यामुळे हा गुणाकार राहून जातो.

इथवरचा क्रम असा झाला: वंशावळ आणि जुने कागद आजच, डीएचआर मुलाची आणि आईची याच आठवड्यात, त्यावरून एनसीएफ१ किंवा सीवायबीबीची नेमकी तपासणी, मग आई-वडिलांत पडताळणी, मग गर्भाबद्दलचा निर्णय.

तुमच्या लग्नाबद्दल. आजार एक्सवरचा निघाला तर तुम्ही मोकळे आहात. पुरुषाकडे एक्स एकच असतो, त्यामुळे निरोगी पुरुषात हा दोष लपून राहू शकत नाही. त्याच कारणानं तुमचे मामाही निरोगी असतील तर त्यांच्याकडून त्यांच्या मुलीला तो मिळणं शक्य नाही. आजार रिसेसिव्ह निघाला तर तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. मग फक्त त्या एका बदलासाठी तुमचं रक्त तपासायचं, पूर्ण एक्झोमची गरज नाही. तुम्ही वाहक नसाल तर या आजाराचा विषय संपला. असाल तर मामाच्या मुलीची तपासणी, तिच्या संमतीनं. बदल तुमच्या वडिलांच्या बाजूनं आलेला असेल तर मामांच्या घरात तो नसण्याचीच शक्यता जास्त, पण तुमच्याकडे दोन्ही घरांत जुनी नाती असतील तर गृहीत धरू नका. या आजाराखेरीज, कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोषाचा धोका सुमारे २ ते ३ टक्के असतो आणि सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात त्यात साधारण तेवढीच भर पडते. हे दोघांना माहीत असावं, मग निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर साखरपुडा दोन-तीन महिने पुढे ढकला. घरच्यांना कारण सांगा, मुलीलाही सांगा.

धाकट्या बहिणीची तपासणी आत्ता नको. ती निरोगी आहे, वाहक आहे की नाही हे कळून आज तिच्या उपचारात काही बदलणार नाही, आणि दहावीच्या मुलीवर असा शिक्का बसला की गावात तो पुसला जात नाही. अठरा वर्षांची झाली की तिला सगळं नीट सांगा आणि तिला ठरवू द्या. तोवर भाच्याच्या रिपोर्टची एक प्रत तिच्या नावानं ठेवा, कारण तिला लागेल तेव्हा ती कुणाकडे मागायला जाणार?

आणि बहिणीच्या बाळंतपणाच्या फाइलीवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी देऊ नये, पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, जन्मल्यावर डीएचआर आणि सीबीसी. प्रसूतीगृहातली नर्स रीतीप्रमाणे पहिल्याच दिवशी लस टोचते, त्या वेळी घरातलं कुणीतरी हे माहीत असलेलं माणूस बाळाजवळ हवं. डीएचआरचा आलेख आला की त्याचा फोटो डॉक्टरांच्या शेऱ्यासकट इथे टाका, मुलाचं नाव झाकून. मी बघेन.